सुंठीचे घर आणि नाताळचे ताट

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी डिसेंबरातील सुंठीच्या बिस्किटांची कृती लिहून द्यावी, असे संपादनाचे काम पाहणाऱ्या भगिनींनी मला सुचविले. कृती काय, दहा ओळींत आटोपते. परंतु लिहावयास बसले आणि ध्यानात आले की, ह्या बिस्किटांमागे एक मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासाच्या तोंडाशी माझी स्वतःची एक चूक उभी आहे. ती आधी सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही.

१९८६ सालची गोष्ट. त्या वर्षी नाताळ, म्हणजे २५ डिसेंबर, गुरुवारी आला होता. आणि तो मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. आमच्या घरी महालक्ष्मीच्या व्रताचे उद्यापन. घरात पाच सुवासिनी, पुरणाचा घाट, पाटावर कलश मांडलेला. आमच्या माळ्यावर तेव्हा एक ख्रिस्ती बिऱ्हाड भाड्याने राहात असे. यजमान ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्यात कामाला, मंडळी मूळची उत्तनकडची. ती बाई मला वहिनी म्हणे, मी तिला बाय म्हणत असे. दुपारी ती जिन्याने खाली आली. हातात ताट, ताटावर विणलेला रुमाल. मी ताट घेतले, आत नेले. जमलेल्यांपैकी एकजण हलक्या आवाजात म्हणाली, “त्यांच्यात सगळ्यात अंडे असते हो.” झाले! मी ते ताट तसेच मागच्या पडवीत सरकविले आणि संध्याकाळी रस्त्याच्या कामावरच्या बायकांच्या मुलांना वाटून टाकले. एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. दुसऱ्या दिवशी ताट घासून, पुसून, रिकामे परत पाठविले. शेजारणीचे ताट रिकामे परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हे मला माझ्या आईने परकर नेसण्याच्या वयात शिकविले होते.

संक्रांतीच्या सुमारास नळावर बायने विचारले, “वहिनी, ती सुंठीची बिस्कुटं कशी झाली व्हती? तुमचा गुरवार म्हणून त्यात अंडा नाय घातला व्हता. येगली केली तुमच्यासाठी.” मी म्हटले, “छान झाली होती.” ह्यापेक्षा अधिक काही मला सुचले नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीला मी तिचेच ताट मागून घेतले आणि करंज्या, अनारसे, चकल्या ह्यांनी भरून वर पाठविले. पुढच्या नाताळात तिच्या ताटातला एकही जिन्नस मी वाटला नाही, बसून खाल्ला. त्या ताटात काय काय होते ते सांगते, कारण इतिहास तेथूनच सुरू होतो. न्यूरी होती, म्हणजे आपली करंजी. आत रवा, खोबरे, बेदाणे. कुलकुल होती. पिठाची बारीक गोळी नव्या कंगव्याच्या दातांवर किंवा काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळतात, तळतात आणि साखरेत घोळतात. आपल्या लग्नात गव्हले आणि नखुल्या करावयास बसणाऱ्या बायकांनी कुलकुल पाहिली तर ती आपली बहीणच वाटेल. मिल्क क्रीमच्या वड्या होत्या. दूध आणि साखर आटवून, काजूची पूड घालून, रबरी साच्यांत फुलापानांचे आकार काढलेल्या. बदामाऐवजी काजूचे मार्झिपान होते. रवा, नारळ व अंडी ह्यांचा थाळीत भाजलेला थाली स्वीट होता. आणि कोपऱ्यात ती तपकिरी, पातळ बिस्किटे, वर पांढऱ्या साखरेची रेघ ओढलेली.

“ही आमच्यातली नाय गो,” बाय मोकळेपणी म्हणाली. तिची आई लग्नापूर्वी वांद्र्याला एका साहेबाच्या घरी स्वयंपाकाला होती. तेथे ती शिकली. बाकीचे ताट मात्र तिच्या आजी-पणजीचे होते.

आता ही मंडळी कोण? आपण त्यांना ‘बाटलेले’ किंवा ‘गोव्याचे’ म्हणून मोकळे होतो. दोन्ही म्हणणे अज्ञानाचे आहे. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा ह्याने तह करून वसई आणि तिच्या भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. नाताळ दोन दिवसांवर होता, हा योगायोग मला नेहमी मौजेचा वाटतो. पुढे साष्टीतील आणि वसईतील कोळी, कुणबी, आगरी, भंडारी, वाडवळ, सामवेदी ब्राह्मण अशा अनेक जातींच्या लोकांनी ख्रिस्ती धर्म घेतला. काहींनी उपदेशाने घेतला, काहींवर सक्ती झाली. त्या काळात देवळेही पडली, हे लपविण्यात अर्थ नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले. माणसे मात्र येथेच राहिली. ती येथलीच होती, जाणार कोठे? इंग्रजी अमदानीत गोव्याहून व मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण दिसावे म्हणून, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, १८८७ साली, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. नाव इंग्रजी, घरातली भाषा मराठी. लग्नात उंबराचे पाणी आणावयास विहिरीवर वाजतगाजत जातात, बायका लुगडे नेसतात आणि उन्हाळ्यात मिरच्या भाजून वर्षाचा मसाला कुटून बाटल्यांत ठासून भरतात. बाटली मसाला हे नाव त्यावरूनच पडले.

बाय ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणे आणि ‘डोळा’ला ‘डोला’. माझ्या सासूबाई अगदी तशाच बोलत. खाडीच्या अलीकडे आम्ही आगरी, पलीकडे त्या. भातशेती, मिठागरे आणि मासळी ह्यांवर दोन्हीकडचा संसार चालला. पलीकडच्या तीरावर एका शतकात देव बदलला, एवढाच काय तो फरक. आणि खाडी काही फार रुंद नाही. बेलापूरचा किल्लादेखील काही काळ पोर्तुगीजांच्या हाती होताच. वारा थोडा वेगळा वाहिला असता तर शिरवण्यातही कुलकुल झाली असती आणि उत्तनला मार्गशीर्षाचे गुरुवार. हे मी सासूबाईंना बोलून दाखविले तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “तिला सांग, पुढल्या टायमाला मला पन दे.”

पोर्तुगीजांनी आपल्या स्वयंपाकघरात काय ठेवले हे शब्दांवरून कळते. पाव, काजू, अननस, बटाटा. ‘नाताळ’ हा शब्दसुद्धा त्यांचाच. पाव फुगविण्यास येथे ताडी वापरू लागले; ईस्ट इंडियनांचे फुगे अजून कित्येक घरी ताडीवरच होतात. परंतु भट्टी ही वस्तू आपल्या घरांत कधी शिरली नाही. आपले सारे भाजणे तव्यावर, निखाऱ्यावर किंवा तळणीत. म्हणून नाताळच्या आधी केकच्या पिठाचे डबे, वर नाव लिहून, गावच्या बेकरीत न्यावयाचे आणि भट्टी थंडावत आली की भाजून आणावयाचे, अशी रीत मुंबई-वसईकडे पडली. मुंबईच्या चाळींतील हिंदू बायकाही दिवाळीत नानकटाईचे पीठ आणि तूप घेऊन त्याच भट्टीपाशी रांग लावीत. एकीचा नंबर ऑक्टोबरात, दुसरीचा डिसेंबरात. पत्रे तेच आणि शेवटच्या खेपेस बिस्किटे करपविणारा भट्टीवालाही तोच! आमच्या बायजवळ भट्टी नव्हती. ती जाड बुडाच्या पातेल्यात खाडीची नव्हे, धुतलेली नदीची वाळू तापवी, तीत तिवई ठेवी, तिवईवर ताटली, वर झाकण, झाकणावर निखारे. वाळू तापली की नाही हे ती चिमूटभर पीठ टाकून पाही. पीठ सावकाश बदामी झाले तर ठीक. लगेच काळे पडले तर निखारे कमी.

आता सुंठीकडे वळते. ‘आले’ आपले, ‘सुंठ’ आपली. इंग्रजी ‘जिंजर’ हा शब्दही मुळात आपल्याकडच्या ‘शृंगवेर’ ह्या शब्दाशी नाते सांगतो. प्राकृत, ग्रीक, लॅटिन अशा मुक्काम-मुक्कामावर रूप पालटत तो विलायतेला पोहोचला. हे वाचून मला प्रथम फार अभिमान वाटला. मनात आले, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून आपल्याच वाड्यांतली सुंठ गेली असणार! पण पुढे वाचले आणि जमिनीवर आले. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याविषयी लिहिताना येथे मिरी किंवा इतर मसाले पिकत नाहीत, तपकिरी धूप मात्र पुष्कळ मिळतो, असे नमूद केले आहे. युरोपातील व्यापारी सुंठीच्या ज्या प्रती ओळखत त्यांतील नावाजलेली ‘कोलंबिनो’, म्हणजे कोल्लमची, मलबारची. तेव्हा खरा मान केरळच्या भगिनींचा. आपल्याकडे पालघरजवळच्या केळवे-माहीमच्या वाड्यांत पानवेलींच्या सोबतीने आले होते आणि ‘माहीम’ ह्याच नावाची आल्याची जात आज साताऱ्यापर्यंत लावतात, ह्यावर आपण समाधान मानावे; तेही काही थोडे नाही.

ज्यांनी घरी सुंठ केली असेल त्यांना तिचे मोल कळेल. पाच किलो ओले आले सोलून वाळविले तर जेमतेम किलोभर सुंठ हाती लागते. वजन घटते, तिखटपणा वाढतो, आणि ती वर्षानुवर्षे टिकते. उंटावरून, गलबतातून, खेचरांवरून महिनोन् महिने प्रवास करणाऱ्या मालाला आणखी काय हवे? अरबांच्या हातून ती व्हेनिसला जाई आणि तेथून आल्प्स पर्वत ओलांडून जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरी. त्या शहराभोवती मोठे अरण्य होते आणि अरण्यात मध होता. मध आणि मसाले एका गावी भेटले आणि तेथे ‘लेबकूखेन’ नावाची मसालेदार पोळी नावारूपास आली. मठांतील साधू ती पातळ पापडीवर थापून भाजीत, म्हणजे पत्र्याला चिकटत नसे. १६४३ साली तेथील लेबकूखेन करणाऱ्यांचा स्वतंत्र संघ झाला. संघाबाहेरच्या माणसाने ती करू नये असा दंडक. पोलंडमधील तोरून शहरही ह्याच पदार्थासाठी प्रसिद्ध आहे. दोन्हीकडे लाकडात कोरलेले साचे वापरीत: राजे, घोडे, हृदये, पाळण्यातली बाळे. आपण पाडव्याला गाठी घेतो त्याही साच्यांतच ओततात. सुतार दोहीकडचे, हौस एकच.

इंग्रजांच्या जिंजरब्रेडची कथा विनोदी आहे. पंधराव्या शतकातील त्यांची कृती पाहिली तर तीत भाजणेच नाही! मध उकळावयाचा, त्यात पावाचा चुरा, केशर आणि मिरपूड घालावयाची, चौकोनी वडी थापावयाची आणि वर झाडाची पाने लवंगांनी टोचून बसवावयाची. आपल्या आलेपाकाच्या वडीचे भावंडच म्हणा ना. आणि त्यातली मौज अशी की, एका प्रसिद्ध हस्तलिखितातल्या कृतीत आल्याचे किंवा सुंठीचे नावच नाही. लिहिणारा विसरला की घालीतच नव्हता, ह्यावर पंडित वाद घालतात. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तो असा! पुढे साखरेची मळी स्वस्त झाली, मध मागे पडला, सोडा आला आणि हा पदार्थ भट्टीत शिरला. एलिझाबेथ राणी पाहुण्यांच्या आकृतीची बिस्किटे करवून घेई, असेही सांगतात.

ह्या बिस्किटांची घरे बांधण्याची रीत जर्मनीतली. ग्रिम बंधूंनी १८१२ साली लोककथांचे पुस्तक छापले. तीत अरण्यात हरवलेल्या भावंडांना चेटकिणीचे घर सापडते. कथेत ते घर पावाचे, छप्पर केकचे आणि खिडक्या साखरेच्या आहेत. सुंठीचे नाव मागून चिकटले. त्यानंतर अशी घरे करण्याची टूम वाढली आणि जर्मन माणसे गेली तेथे, अमेरिकेतही, ती पोहोचली. हे वाचताना मला एकदम आपले रुखवत आठवले. साखरेचे तुळशीवृंदावन, बत्ताशांची विहीर, चुरमुऱ्यांची माडी हे सारे आपल्या आज्या करीतच होत्या. खाण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. आणि विहीणबाईंनी नाक मुरडू नये म्हणून.

आपल्या केरळी शेजारणी नाताळला जो काळपट केक देतात त्याचीही एक कथा आहे. थलश्शेरीला मांबळ्ळी बापू नावाच्या बेकरीवाल्याने १८८३ साली मर्डॉक ब्राऊन नावाच्या मळेवाल्याने दिलेला विलायती केक चाखून, येथल्या जिनसांनी तसा केक करून दाखविला, असे सांगितले जाते. नेरूळला एका मैत्रिणीकडे तो खाल्ला तेव्हा त्यातही सुंठ लागली. सुंठ जेथून निघाली तेथे केक होऊन परत आली म्हणावयाची.

मंडळात ही बिस्किटे करावी असे मी सुचविले तेव्हा विरोध झाला नाही असे नाही. ‘आपले सण थोडे आहेत का?’ हा प्रश्न रास्त होता. शिवाय डिसेंबर म्हणजे बहुधा मार्गशीर्ष. अंड्याचा प्रश्न पुन्हा आलाच. मी तेव्हा १९८६ ची हकीकत सभेत सांगितली. नंतर कोणी फारसे बोलले नाही. ज्या बाईंनी त्या दिवशी अंड्याचे नाव काढले होते त्याही सभेत होत्या. त्यांनीच काकवी आणण्याचे काम अंगावर घेतले.

आता कृती. पाव किलो मैदा, किंवा निम्मा मैदा व निम्मी कणीक. त्यात सुंठपूड दोन चहाचे चमचे, दालचिनीची पूड एक, चार लवंगा व सहा मिरे कुटून, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ. शंभर ग्रॅम लोणी पन्नास ग्रॅम पिठीसाखरेबरोबर फेसावे, त्यात शंभर ग्रॅम काकवी घालावी आणि पीठ मिसळावे. लागल्यास चमचाभर दूध. काकवीत थोडी आंबटाई असते, तिच्यामुळे सोडा कामाला लागतो. नुसती साखर घातली तर बिस्किट तसे हलके होत नाही आणि रंगही येत नाही. पीठ चिकट वाटेल, म्हणून घाईने आणखी मैदा घालू नये. तासभर झाकून गार जागी ठेवावे, आपोआप आवरते. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा किंचित पातळ लाटून, करंजीच्या कातण्याने किंवा वाटीने कापावे. भट्टी १७५ अंशांवर असेल तर दहा-बारा मिनिटे पुरतात. काढताना बिस्किट मऊ लागते. कच्चे समजून पुन्हा आत ठेवणारीने ते करपविले म्हणून समजावे. गार झाले की कडक होते. वरच्या नक्षीसाठी पिठीसाखर लिंबाच्या रसात अगदी घट्ट कालवावी आणि कागदाच्या कोनातून ओढावी. ज्यांचा हात रांगोळीच्या ठिपक्यांवर बसला आहे त्यांना शिकवावे लागत नाही.

तिसऱ्या वर्षी आम्ही घर बांधले. चेटकिणीचे नव्हे, शिरवण्याचे. सिडकोने १९७० नंतर शेते घेतली, तरी गावठाणात कौलारू घरे बरीच वर्षे होती. आमचेही होते. पुढे ओटी, मधे माजघर, मागे पडवी, बाजूला भाताची कणगी. १९९८ साली ते पाडून आम्ही इमारत उभी केली. केली म्हणजे आम्हीच केली, कोणावर बोट दाखविण्याचे कारण नाही. आज गावात तसे घर मुलांना दाखवावयाचे म्हटले तर शोधावे लागते. म्हणून दोघी-तिघींनी आठवून आठवून कागदावर मापे काढली. ओटीला पायऱ्या किती, ह्यावर दोन दिवस वाद चालला. भिंती सुंठीच्या, पाकाने जोडलेल्या. कौले म्हणून बिस्किटाचे अर्धगोल तुकडे एकावर एक. दारात साखरेची रांगोळी. पडवीत एक इवलेसे ताट, हे मी केले आणि ते कशाचे ते कोणाला सांगितले नाही.

एक गोष्ट आम्ही विसरलो. खाडीकाठची हवा! बर्फाच्या देशातली घरे महिना महिना टिकतात. आमच्या घराने रात्रभर दमट वारा खाल्ला आणि सकाळी कार्यक्रमाला पाहुणे यावयाच्या वेळेस अर्धे छप्पर ओटीवर घसरलेले. भिंती दोन दिवस पंख्याखाली वाळवून मग उभ्या कराव्या आणि पाक साखर तांबूस होईपर्यंत आटवावा, म्हणजे पकड धरते, हे आता आम्हांला ठाऊक झाले आहे. त्या दिवशी मात्र छपरावर दोन कार्डबोर्डच्या पट्ट्या आतून लावून वेळ मारून नेली.

त्या कार्यक्रमास बायची मुलगी आली होती. त्यांचे बिऱ्हाड १९९१ साली उत्तनला परत गेले. बाय आता फारशी चालत नाही. मुलीने घराभोवती एक फेरी मारली, वाकून माजघरात पाहिले, “मामी, आमचा जिना कुठे आहे?” म्हणून विचारले. जिना आम्ही केलाच नव्हता. तो माळा नंतरचा, मापे काढताना कोणाच्याच लक्षात आला नाही. मग मी तिच्या हातावर बिस्किट ठेवले. तिने चावले, जरा वेळ घोळविले आणि म्हणाली, “मिरी कमी पडली. आई दहा घालते.”

तिच्याबरोबर बायसाठी ताट भरून दिले. वरच्या कृतीतील सहा मिरे ज्यांना सौम्य लागतात त्यांच्यासाठी आहेत. बाकीच्यांनी दहा घालावे.